तेरा जणांच्या खेळातला वॉल्टर

दुबईत एवढी वर्षं काय केलंस, असं गावात कुणी विचारलं की मी सांगतो, गवत वाढवलं. समोरचा हसतो. त्याला वाटतं मी थट्टा करतोय, नाहीतर काहीतरी लपवतोय. पण ते अगदी खरं आहे. दापोलीजवळ एका रोपवाटिकेत मी रोजंदारीवर होतो, तेव्हा वाफ्यांतली हरळी उपटणं हे माझं काम होतं. मुळाचा एक तुकडा राहिला तरी मुकादम ओरडायचा. पुढे सत्याऐंशी साली दुबईला गेलो, आणि तीच हरळी टँकरनं पाणी पाजून, खत घालून जपायचं काम मला मिळालं. दोन हजार दोन सालापर्यंत मी ते केलं.

मैदान इंग्रज लोकांच्या एका रग्बी क्लबचं होतं. तेव्हा ते शहराबाहेर होतं. तिन्ही बाजूंना वाळू, चौथ्या बाजूला रस्ता, आणि सगळीकडून जाळीचं कुंपण. रग्बी म्हणजे काय हे मला तिथं जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी त्या माणसाला मिठी मारून खाली पाडायचं. मी गावाकडे कबड्डी खेळलेलो, त्यामुळे पाडापाडीचं नवल वाटलं नाही. मला काळजी असायची गवताची. धिप्पाड माणसं खिळ्यांचे बूट घालून एका जागी रेटारेटी करायची, तिथली हरळी मुळासकट निघायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुडघ्यांवर बसून एकेक ठिगळ लावत जायचो.

लोकांना वाटतं, पाणी घातलं की गवत येतं. तिथलं पाणी म्हणजे शहराचं सांडपाणी, शुद्ध करून टँकरनं आणलेलं. त्यात मीठ असतं. ऊन पाणी ओढून नेतं आणि मीठ वर ठेवतं. आठवडाभर दुर्लक्ष झालं की जमिनीवर पांढरी साय धरते, आणि त्या सायीखालचं गवत परत येत नाही. थंडीत हरळी झोपते, म्हणून ऑक्टोबरात तिच्या डोक्यावर एका विलायती गवताचं बी पेरायचं. ते मे महिन्यात मरतं, तोवर हरळी जागी होते. त्यामुळे मे आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत मला कधी सुटी मिळाली नाही. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी मी घरी नव्हतो, कारण ती ऑक्टोबरात झाली.

अल मनखूलला आपली बरीच मराठी कुटुंबं राहायची. गणपतीच्या आदल्या दिवशी कुणीतरी गाडी काढून मैदानावर यायचंच. सदाभाऊ, थोड्या दूर्वा मिळतील का? दूर्वा म्हणजे कोवळी हरळीच. पण तिला पाणी कुठलं मिळतं हे मला माहीत होतं. सांडपाण्यावरच्या दूर्वा देवासाठी कशा द्यायच्या, आणि आलेल्या बाईला ते सांगायचं तरी कसं? शेवटी पंपाच्या खोलीमागे, पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ, दोन हात जागा मी फक्त दूर्वांसाठी राखली. क्लबात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

असल्या गोष्टी मी सांगतो तेव्हा लोक रंगून ऐकतात. वॉल्टरचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ते इथं लिहितो.

आखातातली लढाई संपून वर्ष झालं होतं. मंगळवारी आणि गुरुवारी ऊन उतरल्यावर क्लबाचा सराव असायचा. त्या वेळी कुंपणाबाहेर एक म्हातारा इंग्रज येऊन उभा राहायला लागला. ठेंगणा, पण खांदे दार अडेल एवढे रुंद. नाक दोनदा मोडून कुणीतरी घाईत बसवल्यासारखं, आणि एक कान पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा. जाळीत बोटं अडकवून तो तासभर उभा असायचा आणि सराव संपायच्या आत निघून जायचा. फाटक उघडं असायचं. बाकीचे गोरे आत खुर्च्या टाकून बिअर प्यायचे. हा एकटा बाहेर वाळूत.

एके दिवशी मी कुंपणाजवळच्या कोपऱ्यात जमिनीवरचं मीठ खरवडत होतो. म्हातारा जाळीतून म्हणाला, "ऊपर मत घिसो. पानी नीचे रुकता है. नीचे खोदो."

गोऱ्या माणसाच्या तोंडून असं साइटवरचं हिंदी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यानं सांगितलं, दुबईपासून लांब, समुद्रकाठच्या रुवैसच्या रिफायनरीत तो दहा वर्षं पाइपलाइनचा फोरमन होता. हाताखाली फिटर सगळे आपले, उत्तर प्रदेशचे आणि रत्नागिरीचे. त्यांच्याकडून तो हे हिंदी शिकला. त्याआधी तो इंग्लंडच्या उत्तरेला कोळशाच्या खाणीत होता. खाणीत पाणी कुठून येतंय हे कळलं नाही तर माणूस मरतो, म्हणून जमिनीकडे बघायची सवय लागलेली. नाव वॉल्टर. बायको वारली होती, मुलीकडे दुबईत राहत होता.

मी खोदलं. हातभर खाली दगडासारखा थर लागला. तो फोडून खाली खडी भरली, आणि महिन्याभरात त्या कोपऱ्यातलं मीठ थांबलं. क्लबाचे सेक्रेटरीसाहेब उंच, शिस्तीचे, प्रत्येक गोष्ट कागदावर आणणारे. त्यांनी माझी पाठ थोपटली. ही कल्पना कुणाची, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी वॉल्टरला साहेब म्हणायला लागलो, तर त्यानं ते बंद करायला लावलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं नावानं हाक मारणं मला जमेना. रुवैसचे फिटर त्याला चाचा म्हणायचे, मग मीही चाचा म्हणू लागलो. एकदा म्हटलं, चाचा, आत या, खुर्ची देतो. त्यानं मान हलवली. "मेरे को अंदर आना मना है."

क्लबानं त्याला कशासाठी तरी बंदी घातली असेल, असं मला वाटलं. खरं काय ते पुढच्या दोन-तीन महिन्यांत, जाळीच्या दोन बाजूंनी उभं राहून, थोडं थोडं कळत गेलं. त्याचं हिंदी मी इथं बहुतेक ठिकाणी मराठीत लिहितो आहे.

रग्बी दोन आहेत. एक पंधरा जणांची, एक तेरा जणांची. आमच्या क्लबातली पंधरा जणांची. ती साहेब लोकांची. त्या काळी तिच्यात खेळण्याचे पैसे घेणं म्हणजे मोठा गुन्हा. तेरा जणांची उत्तरेकडच्या खाणवाल्यांची आणि गिरणीवाल्यांची. शनिवारचा खाडा त्यांना परवडायचा नाही, म्हणून तिच्यात खेळाडूला मॅचमागे मजुरी मिळायची. आणि नियम असा, की जो एकदा तेरा जणांच्या खेळात पैसे घेऊन उतरला त्याला पंधरावाल्यांचं दार जन्मभर बंद. खेळायचं नाही, शिकवायचं नाही, त्यांच्या क्लबात बसायचं नाही.

वॉल्टरची सुरुवात पंधरा जणांच्या खेळातच झाली होती, गावातल्या क्लबात, मित्रांबरोबर. तो एकोणीस वर्षांचा असताना खाणीत छत कोसळून वडिलांची पाठ मोडली. थोड्याच दिवसांत तेरा जणांच्या एका क्लबाचा माणूस घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर नोटांचं एक पाकीट ठेवून गेला. वॉल्टरच्या आईनं पाकिटाला हात लावला नाही. त्यावर एक पातेलं पालथं घातलं. दोन दिवस घरातली सगळी त्या पातेल्याभोवती बसून जेवली. तिसऱ्या दिवशी वॉल्टरनं त्या क्लबाच्या करारावर सही केली.

पुढच्या शनिवारी तो जुन्या क्लबात मित्रांची मॅच बघायला गेला. फाटकावर वडिलांचा खाणीतला सोबती उभा होता, जॉर्ज नावाचा. त्यानं हात आडवा घातला आणि सांगितलं, तुला आत सोडता येणार नाही. वॉल्टरनं ती मॅच भिंतीबाहेरून ऐकली. त्यानंतर पंधरावाल्यांच्या कुठल्याही मैदानात त्यानं पाय ठेवला नव्हता. मी म्हटलं, पण इथं दुबईत तुम्हाला ओळखतंय कोण? तो म्हणाला, मी ओळखतो.

तेरा जणांच्या खेळात तो चौदा वर्षं होता. शनिवारी दुपारपर्यंत खाणीत, मग अंघोळ, मग मॅच. अंघोळ करूनही पापण्यांतला कोळसा जायचा नाही, काजळ घातल्यासारखा दिसायचा, आणि परगावचे प्रेक्षक त्यावरून चिडवायचे. पुढचे चार दात एका मॅचमध्ये गेले. एकदा जबडा मोडला. त्या काळी बदली खेळाडू घ्यायची सोय नव्हती, बाहेर गेलं तर आपले बाराच उरतात, म्हणून रुमाल बांधून शेवटपर्यंत खेळला. मला त्यांच्या खेळातली एक गोष्ट फार आवडली. पाडलेला माणूस उठतो, चेंडू टाचेनं मागे सारतो आणि खेळ पुढे चालू. एका मॅचमध्ये एक माणूस तीस वेळा पडतो. पडण्याचं कुणाला काही नाही. उठायला किती वेळ लागला तेवढं बघतात.

एका वर्षी देशाचा संघ बोटीनं ऑस्ट्रेलियाला जाणार होता. पाच महिन्यांचा दौरा. त्यात वॉल्टरचं नाव आलं. बायकोला दिवस गेलेले होते, वडील अंथरुणावर. त्यानं नकार कळवला. पुन्हा त्याचं नाव कधी आलं नाही. मी विचारलं, वाईट वाटलं का? तो म्हणाला, खेळाचं तेवढं नाही, पण समुद्र बघायचा होता. पन्नाशीत रुवैसला आल्यावर रोज समुद्रच समोर. पण तोवर बघायची हौस उरली नव्हती.

आणि एकदा लंडनच्या मोठ्या मैदानावर कपाची शेवटची मॅच. मैदान माणसांनी भरलेलं. शेवटच्या मिनिटांत समोरचा माणूस त्याच्या अंगावर आला, त्याला वॉल्टरनं पाडायलाच हवं होतं. वॉल्टरनं झेप घेतली, हात निसटला आणि तो गवतावर पडला. तो म्हणाला, आम्ही चिखलात खेळणारी माणसं. गवतावर मी आयुष्यात पहिल्यांदा पडलो होतो. इतकं मऊ होतं की क्षणभर पडूनच राहिलो. तेवढ्यात तो मला ओलांडून गेला. त्यांचा संघ दोन गुणांनी हरला. गावात परतल्यावर कुणी काही बोललं नाही, पण बोललं नाही हेच त्याला कायम लागून राहिलं.

जूनमध्ये क्लब बंद होतो. उन्हापुढे कुणी टिकत नाही. त्या जूनमध्ये एकदा वॉल्टर संध्याकाळी नेहमीसारखा जाळीपाशी आला. आत माझ्याखेरीज चिटपाखरू नव्हतं. मी फाटक उघडलं आणि म्हटलं, चाचा, आता इथं क्लब नाही, सेक्रेटरी नाही. गवत मी वाढवलंय. मी बोलावतो, या.

त्यानं जाळीतली बोटं सोडवली. मग फाटकाबाहेर बूट-मोजे काढून ठेवले आणि अनवाणी आत आला. जपून पावलं टाकत मैदानाच्या मध्यापर्यंत गेला, खाली बसला आणि तळहात गवतावर टेकवले. मी पंपाच्या खोलीत निघून गेलो. त्याच्याकडे बघत उभं राहणं मला बरं वाटेना.

त्यानंतर तो आत यायला लागला. ऑक्टोबरात क्लब सुरू झाला तरी शुक्रवारी सकाळी, कुणी यायच्या आत, तो हजर. मी मैदान आखायचो तेव्हा दोरीचं एक टोक तो धरायचा आणि मी दोरीच्या कडेनं चुन्याची फक्की मारत जायचो. काम संपलं की मी आणि माझे दोन मजूर त्याला कबड्डीतल्या पकडी दाखवायचो. घोट्याची पकड त्याला इतकी आवडली की तो लहान मुलासारखा खूश झाला. मग तो आम्हाला त्याच्या पद्धतीनं माणूस पाडायला शिकवायचा. चेंडूकडे बघायचं नाही, कमरेच्या पट्ट्याकडे बघायचं. डोकं नेहमी माणसाच्या मागच्या बाजूला न्यायचं, पुढे राहिलं तर मान जाते.

एका शुक्रवारी क्लबाचे तीन खेळाडू लवकर आले आणि हे बघत उभे राहिले. पुढच्या आठवड्यात तेही शिकायला आले. आमचा क्लब तेव्हा आल्या-गेल्या सगळ्यांकडून हरत होता. नाताळपर्यंत जिंकायला लागला. खेळाडू त्याला वॉल्ट म्हणू लागले. एकानं त्याला क्लबाची टोपी दिली. ती त्यानं डोक्यावर घातली नाही, घडी करून खिशात ठेवली. पण दर शुक्रवारी ती खिशात असायची.

त्याच सुमाराला माझं एक काम अडकलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सुलभाबरोबर मी मोजून आठ महिने राहिलो होतो. मुलगी मानसी चार वर्षांची. ती मला फोनवाले बाबा म्हणायची. बायको-मुलीला आणायचं तर फॅमिली व्हिसा हवा, आणि तो माळ्याला मिळत नसे. माझ्या कागदावर सुपरवायझर असं लिहून द्यायला सेक्रेटरीसाहेब तयार झाले होते. कागद टाइप झाला होता, त्यांच्या खणात सहीसाठी पडला होता. हे सगळं मी वॉल्टरला चहा पिताना सांगायचो. भेटला की तो आधी तेच विचारायचा, साइन हुआ?

जानेवारीत आम्ही एका पाहुण्या संघाला मोठ्या फरकानं हरवलं. त्यांच्यातल्या कुणीतरी वॉल्टरला ओळखलं, किंवा कुणाकडून ऐकलं. त्यांचं पत्र आलं की तुमच्याकडे तेरा जणांच्या खेळातला पैसे घेतलेला माणूस शिकवतो, आम्ही वर संघटनेला कळवणार.

शुक्रवारची सकाळ होती. वॉल्टर दोरी धरून उभा होता, मी फक्की मारत येत होतो. सेक्रेटरीसाहेब ते पत्र हातात घेऊन थेट मैदानात आले. वॉल्टरकडे न बघता त्यांनी मला विचारलं, ह्या माणसाला आत कुणी घेतलं?

मला त्या वेळी खणातला कागद दिसत होता. दुसरं काही दिसत नव्हतं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "तो आपणहून येतो, सर. मी त्याला पुष्कळदा सांगितलं, येऊ नको म्हणून."

सेक्रेटरीसाहेबांनी वॉल्टरला विचारलं, हे खरं आहे का?

वॉल्टरनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाला, "खरं आहे. त्यानं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

त्यानं दोरीचं टोक हळूच खाली ठेवलं, ओढली जाऊन माझी रेघ बिघडू नये अशा बेतानं. खिशातली टोपी काढून सेक्रेटरीसाहेबांच्या हातात दिली आणि फाटकातून निघून गेला. सेक्रेटरीसाहेब बघत होते, म्हणून मी उरलेली रेघ पुरी केली. शनिवारी माझ्या कागदावर सही झाली.

वॉल्टरला देण्यासाठी क्लबाचं एक पत्रही माझ्याकडे आलं होतं, यापुढे मैदानात येऊ नये असं. पण तो जाळीपाशीसुद्धा परत आला नाही. महिनाभर ठेवून मी ते ऑफिसात परत दिलं. ते तीन खेळाडू विचारत आले, वॉल्ट कुठे आहे? मी म्हटलं, इंग्लंडला गेला असेल. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.

सुलभा आणि मानसी एप्रिलमध्ये आल्या. अल मनखूलला दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर फ्लॅट वाटून घेतला. आम्हाला एक खोली आणि अर्धं स्वयंपाकघर. सुलभा खूश होती. आपल्या माणसात आलो, असं ती गावी पत्रात लिहायची. मानसी तिथं शाळेत जायला लागली आणि वर्षभरात मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. मी संसारात सुखी होतो, हे लिहिलं नाही तर ते खोटं होईल. पण कुणी म्हटलं, सदाभाऊ, नशीबवान आहात, फॅमिली आणता आली, तर मी दुसरा विषय काढायचो.

पंचाण्णव साली पंधरावाल्यांनी आपला नियम मोडीत काढला. त्यांच्यातही उघड पैसे घ्यायला परवानगी मिळाली, आणि तेरावाल्यांवरची बंदी उठली. पेपरात आलं होतं. क्लबात दोन दिवस चर्चा झाली, तिसऱ्या दिवशी संपली. वॉल्टरकडे आजच जायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं. पण बी पेरायचे दिवस जवळ आलेले. ते झाल्यावर सामने. मग पंप बिघडला. कारणं खरी होती, पण त्यातलं एकही एवढं मोठं नव्हतं. शेवटी मे महिना उजाडला, तेव्हा त्या तिघांपैकी एका खेळाडूकडून मी पत्ता मिळवला. सुलभानं आंब्याच्या वड्यांचा डबा दिला. कुणाकडे निघालात, म्हणाली. मी म्हटलं, जुने ओळखीचे आहेत.

जुमेराला घर होतं. वॉल्टरची मुलगी मार्गारेट, तिनं दार उघडलं आणि मला मागच्या अंगणात नेलं. वॉल्टर सावलीत बसला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हाताशी काठी. मला ओळखायला त्याला क्षण लागला नाही.

"बीवी आया?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

मी म्हटलं, आली. मुलगीही आली, शाळेत जाते. त्यानं मान डोलावली आणि खुर्ची दाखवली.

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं की नियम गेला, आता कुणी अडवणार नाही, मैदानावर चला. तो म्हणाला, "कौन बुलाता है? वो लोग, या तू?"

मी म्हटलं, मी.

तो हसला. "तो बैठ. चाय पी."

चहा आला. मी कप हातात धरून म्हणालो, "चाचा, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"मालूम है. मैं उधर ही खड़ा था."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

त्यानं कप खाली ठेवला. मग त्यानं जॉर्जचं पुढचं सांगितलं, फाटकावर हात आडवा घालणाऱ्या त्या माणसाचं. जॉर्जच्या फुप्फुसात कोळसा बसला होता. खाणीतलं काम सुटलं होतं, घरी पाच पोरं. शनिवारचं फाटकावरचं काम क्लबानं त्याला दिलं होतं, तेवढंच. एकोणीस वर्षांचा वॉल्टर त्याच्यावर सगळ्या गावादेखत ओरडला होता. आमच्या घरचं खाल्लंस, आणि आज ह्यांचा कुत्रा झालास, असं काय काय बोलला होता. जॉर्जनं सगळं ऐकून घेतलं. हात मात्र काढला नाही. त्यानंतर वॉल्टर समोरून दिसला की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. दोघं एकाच गल्लीत राहायचे. कितीतरी वर्षं. वॉल्टरला रोज वाटायचं, आज जाऊन बोलू. तो गेला नाही, आणि जॉर्ज वारला.

"तेरे टाइम पे भी मेरे मुँह में वही गाली आया था," वॉल्टर म्हणाला. "मैंने निगल लिया."

मी कप रिकामा केला. मग मी पुन्हा म्हटलं, एकदा तरी या मैदानावर. तो शांतपणे म्हणाला, आता नको. त्या वेळी हवं होतं. त्यात राग नव्हता. मग त्यानं विलायती बी कुठलं वापरतोस ते विचारलं, कोपऱ्यातल्या मिठाचं विचारलं, आणि निघताना म्हणाला, कधी शुक्रवारी सकाळी येत जा. मी इन्शाल्ला म्हटलं.

मी गेलो नाही. उन्हाळा गेला, बी पेरून झालं. नोव्हेंबरात मार्गारेटचा क्लबाच्या फोनवर फोन आला. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, आम्ही सगळे गुरुवारी सकाळी इंग्लंडला निघतोय, बाबा विचारतात, सदाला एअरपोर्टवर यायला जमेल का? मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी मॅच आहे, पण बघतो. गुरुवारी सकाळी मी मैदानावर होतो. दोन मजूर हाताशी होते. मी दोन तास गेलो असतो तर काही बिघडलं नसतं. मी कामासाठी थांबलो असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्याच्याकडे पुन्हा एकदा बघण्याची माझी तयारी नव्हती. पुढे त्याचं काय झालं, मला कळलं नाही. पत्ता मी मागितला नव्हता.

दोन-तीन आठवड्यांनी मी सेक्रेटरीसाहेबांच्या ऑफिसात गेलो. सकाळपासून मनाशी वाक्यं जुळवली होती. नोकरीवरून काढतील, सुपरवायझरचा कागद रद्द करतील, असंही वाटत होतं. उभा राहून मी सांगितलं, "सर, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. वॉल्टरला आत मीच बोलावलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "कोण वॉल्टर?"

मी सांगितलं. म्हातारा, ठेंगणा, पिळलेला कान. तेरा जणांच्या खेळातला. तुम्ही त्याला यायला बंदी केली, पत्र लिहिलं. त्यांनी मनापासून आठवायचा प्रयत्न केला, हे मी बघत होतो. त्यांना आठवेना. "लिहिलं असेल," ते म्हणाले. "तेव्हा आम्ही असल्या गोष्टींवर फार वेळ घालवायचो." मग चष्मा परत घालून त्यांनी विचारलं, आणखी काही?

मी म्हटलं, तीन नंबरच्या स्प्रिंकलरचा वॉल्व्ह गळतोय.

"मग बघ तो," ते म्हणाले.

मी गेलो आणि वॉल्व्ह बदलला.